बाजाराचा वार आणि सुटीचा वार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "आठवड्याची सुटी" असे सांगितले. ते क्षणभर थांबले. कामगार चळवळीतला माणूस संपावर बोलेल, बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल. सुटीवर बोलण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे चुकले नाही. जी वस्तू रोज हाताशी असते तिचा इतिहास कोणी विचारीत नाही. रविवारी कचेरी बंद, शाळा बंद, बँक बंद, हे आपण सूर्य उगवण्याइतकेच स्वाभाविक मानतो. परंतु रविवार सूर्याने दिलेला नाही आणि सरकारनेही आपखुशीने दिलेला नाही. तो मागून, झगडून मिळवावा लागला. शिवाय जो मिळाला तो सर्वांना सारखा मिळाला नाही. आपल्या अमरावती-अकोल्याकडे तर तो वेगळ्याच वाटेने आला. त्या वाटेचा इतिहास मी आज माझ्या अल्प मतीप्रमाणे मांडणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात झाले. तेव्हा पंडितांनी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

वार होते, सुटी नव्हती

सात वारांचा आठवडा आपल्याकडे पुष्कळ जुना आहे. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तेथे गुप्त राजा बुधगुप्त याच्या काळचा इसवी सन ४८४ चा शिलालेख आहे. त्यात तिथीबरोबर गुरुवारचाही उल्लेख आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही वार मोजले जात होते. प्रत्येक वाराला आपल्या लोकांनी देव नेमून दिला: सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार सूर्याचा आणि खंडोबाचा. वाराला उपास होता, अभिषेक होता, तेल वाहणे होते. परंतु "आज काम करू नये" असा दर आठवड्याचा नेम सर्वसाधारण हिंदू समाजात नव्हता. आपली विश्रांती तिथीला आणि सणाला बांधलेली होती. नागपंचमीला जमीन खणावयाची नाही, पोळ्याला बैल जुंपावयाचा नाही, अमावास्येला काही गावी औत धरावयाचे नाही. हीच आपली सुटीची यादी.

दर सातव्या दिवशी काम थांबवावे ही कल्पना यहुदी धर्मातील. महाराष्ट्राला ती इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, हे मात्र आपण विसरतो. कोकणात अलिबागच्या आसपास बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांना "शनिवार तेली" हे नाव दिले. एका दिवसाची सुटी पाळली म्हणून जातीचे नाव पडावे, यावरूनच ही गोष्ट बाकीच्यांना किती नवलाची वाटली असेल ते दिसते. मुसलमान बांधवांचा शुक्रवार हा दुपारच्या सामुदायिक नमाजाचा. दिवसभर काम बंद ठेवावे असे बंधन त्यात नाही. ख्रिस्ती जगात रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने इसवी सन ३२१ मध्ये रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरविला. पण त्याही हुकुमात शेतकऱ्याला शेतकाम करण्याची मोकळीक होती. शेत थांबत नाही, हे बादशहालाही ठाऊक होते.

आठवडा मोडून पाहण्याचेही प्रयोग झाले. फ्रेंच राज्यक्रांतीने दहा दिवसांचा आठवडा केला. सोव्हिएट रशियाने १९२९ साली यंत्र एकही दिवस थांबू नये म्हणून कामगारांची सुटी पाळीपाळीने वाटून दिली. नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या दिवशी. १९४० साली तेथे पुन्हा सात दिवसांचा आठवडा आला. एकट्याने घेतलेली सुटी ही अर्धीच सुटी होय. सुटी चार माणसांनी मिळून घ्यावी लागते. हे सूत्र श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे वऱ्हाडात तेच उपयोगी पडणार आहे.

बैलाची सुटी आणि सालदाराची सुटी

आपल्याकडे सर्वांत थाटाची सुटी कोणाची असेल तर ती बैलाची. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, त्या खांद्याला हळद-लोणी लावून शेक देतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, आंब्याच्या पानांचे तोरण, झडत्या, आणि घरोघरी पुरणपोळीचा नैवेद्य. त्या दिवशी त्याच्यावर कोणी आसूड उगारीत नाही. जनावराच्या श्रमाचे ऋण मानणारा असा दिवस आपल्या लोकांनी पाळला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण त्या बैलाला धुणारा, रंगविणारा, मिरविणारा जो सालदार, त्याचे काय? तो पाडव्याला वर्षाच्या बोलीने बांधला जाई. धान्य इतके, रोकड इतकी, जोडे-धोतर अमुक. पहाटे गोठ्यापासून रात्री वैरण टाकीपर्यंत त्याचा दिवस. एक दिवस आला नाही की तो "खाडा", आणि खाड्याची मजुरी कापावयाची किंवा आपला भाऊ-मुलगा बदली द्यावयाचा. बैलाची सुटी पंचांगात होती. सालदाराची सुटी धन्याच्या मर्जीत होती. त्याला नक्की मिळणारी विसाव्याची वेळ बहुधा एकच, ती म्हणजे बाजाराच्या दिवशीची दुपार. ती कोणी दया म्हणून देत नव्हते. बाजाराला गेल्याशिवाय मीठ-मिरची घरात येत नाही, म्हणून ती सुटत असे.

लोखंडे यांचा रविवार

आता मुंबईकडे वळू. १८५० नंतर मुंबईत कापडगिरण्या निघाल्या. पहाटे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्र चाले. आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. यंत्र थांबले तरी ते पुसून स्वच्छ करण्यासाठी कामगाराला बोलावीत. १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्याने मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या; प्रौढ पुरुषांना आणि स्त्रियांना काहीही दिले नाही.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले, महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, "दीनबंधु" पत्राचे संपादक. गिरणीत नोकरी करून त्यांनी तेथील हाल डोळ्यांनी पाहिले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या मोजक्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. आज या मागण्या वाचल्या म्हणजे वाटते, यात जास्त काय मागितले? परंतु त्या मिळावयाला सहा वर्षे लागली, तीही सर्व नव्हेत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली.

रविवारच का, याचे उत्तर लोखंडे यांनी खंडोबाच्या वाराचे दिले, असे सांगतात. साहेबाचा प्रार्थनेचा दिवस आणि कामगाराच्या कुलदैवताचा दिवस एकच निघाला! यात चतुराई असेल तर ती चळवळीच्या कार्यकर्त्याची चतुराई आहे. लोकांच्या अंगात जो वार आधीच मुरलेला आहे, त्यालाच नवा हक्क जोडून द्यावा म्हणजे तो टिकतो. लोखंडे १८९७ साली प्लेगने वारले.

१८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी सरकारी नियम झाली. यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता. हिंदी गिरण्या रात्रंदिवस चालून आपला माल स्वस्त विकतात, ही त्यांची तक्रार होती. इतिहासात पुष्कळदा असे होते. गरिबाच्या हिताचा कायदा दोन श्रीमंतांच्या भांडणातून निघतो. पण साडेपाच हजार सह्या आधी झाल्या नसत्या, तर त्या भांडणाचा फायदा कामगाराच्या पदरात पडला नसता.

जिनाचा हंगाम

मुंबईत रविवार आला. वऱ्हाडात तो लगेच का आला नाही? याला दोन कारणे आहेत.

पहिले राज्यव्यवस्थेचे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. पण कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग नव्हता. १९०२ साली कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. तिकडचे कायदे येथे वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत.

दुसरे कारण कापसाचे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. त्याच दशकात आगगाडी भुसावळहून अकोला, बडनेरा असे करीत १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावचा फाटा गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. रेल्वेच्या कडेने जिन आणि प्रेस उभे राहिले. जिनात कापसाची सरकी वेगळी होऊन रुई निघते. प्रेसमध्ये रुईची गाठ बांधतात. हे काम दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. म्हणजे कारखाना काही महिन्यांचा आणि कामगार शेतातून आलेला. त्यांतही जिनाच्या चरक्यांवर कापूस टाकणाऱ्या बहुतेक बाया.

या हंगामी स्वरूपाचा मालकांना मोठा उपयोग झाला. १८८१ चा कायदा शंभराहून कमी माणसांच्या आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. शेजारच्या खानदेशातील जिनांविषयी मुंबई सरकारच्या १८८४-८५ च्या कमिशनापुढे साक्षी झाल्या. त्यांत पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत काम चालते आणि भर हंगामात रात्रंदिवस चालते, असे सांगितले गेले. १९०८ च्या कमिशनालाही जिनांत सतरा-अठरा तासांचे दिवस आढळले. चार महिन्यांच्या आतले हंगामी कारखाने १९११ च्या कायद्याने प्रथम कक्षेत आले. तरी स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्याची बंदी करताना जिन-प्रेसना सवलत दिली गेली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास साठ केले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना चौपन्न तासांची मर्यादा घातली, हंगामी कारखान्यांना मात्र साठच ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली बारमाहीचे अठ्ठेचाळीस झाले, हंगामींचे पन्नास. दोघांना एकच माप लागले ते १९४८ च्या कायद्याने, १ एप्रिल १९४९ पासून. मुंबईच्या गिरणीकामगाराने १८८४ साली जे मागितले, त्याची बरोबरी गाठावयाला वऱ्हाडच्या जिनातल्या बाईला कागदावरसुद्धा पासष्ट वर्षे लागली.

बाजाराचा वार

परंतु कायदा येत नव्हता तोवर लोक स्वस्थ बसले नव्हते. कायद्याच्या आधी त्यांच्यापाशी बाजाराचा वार होता. विदर्भात वस्त्यांची नावेच पाहा. नागपुरात इतवारी, बुधवारी, मंगळवारी. आपल्या अमरावतीत इतवारा आणि बुधवारा. वार हे येथे देवाचे नाव राहिले नाही, जागेचे नाव झाले. आजूबाजूच्या गावांचे बाजार एकाच दिवशी येत नाहीत. व्यापारी, बांगडीवाला, चांभार, कुंभार यांना गावोगाव फिरता यावे म्हणून ते वाटून घेतलेले असतात. म्हणून मजुराचा आठवडा रविवारपासून मोजला जात नाही. त्याच्या गावाच्या बाजारापासून मोजला जातो. "हप्ता" हा शब्दच पाहा. त्याचा अर्थ आठवडा, आणि आठवड्याची मजुरीही तोच.

या दिवसाचा क्रम ठरलेला. सकाळी घर सारवावयाचे, डोक्यावरून न्हायचे, आठवड्याचे कपडे नदीवर धुवावयाचे. उन्ह चढता चढता टोपली-पिशवी घेऊन बाजार. ज्वारीचा भाव काय झाला, तुरीची डाळ परवडते का, मिरची ओली की सुकी. विळ्याला धार लावून घ्यावयाची, वहाण शिवून घ्यावयाची, पोरीला बांगड्या भरावयाच्या. पोरांना शेव-जिलेबी. दिलेल्या लेकीच्या गावचा माणूस भेटला तर तिची खुशाली. सोयरिकीची पहिली गोष्ट बाजारात निघते, भांडणाची समजूतही तेथेच पडते. दुसऱ्या बाजूला सावकाराचा माणूस उभा असतो आणि दारूचे दुकानही उघडे असते. हेही सांगितले पाहिजे. बाजार म्हणजे गरिबाचे वर्तमानपत्र, बँक, कोर्ट आणि क्लब, सारे एके ठिकाणी. त्या दिवशी शेतमालकाने कितीही ओढले तरी पुष्कळ मजूर शेतात जात नाहीत. कोणत्याही कायद्याविना, सर्वांनी मिळून, दर आठव्या दिवशी घेतलेली ही सुटी होय.

तिच्यात उणीव एकच, पण मोठी. त्या दिवसाची मजुरी नाही.

एक फसलेली सभा

येथे माझ्या स्वतःच्या फजितीची एक गोष्ट सांगतो. १९९४-९५ चा हंगाम. मी नवा कार्यकर्ता, पुस्तके वाचून तापलेला. अकोला जिल्ह्यातील एका जिनात बायांची युनियन बांधावी असे मनात घेतले. जिनाचे आणि गावाचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. लोखंडे यांचे चरित्र नुकतेच वाचले होते, म्हणून सभा रविवारी ठेवली. भाड्याने कर्णा आणला, पत्रके वाटली. सभेला सात माणसे आली. त्यांत कर्णेवाला आणि त्याचा पोरगा धरून. मला फार राग आला. आपल्या लोकांना जागृती नाही, असे मी दुसऱ्या दिवशी जिनाच्या फाटकाशी जरा मोठ्यानेच बोललो.

एक म्हातारी बाई होती. तोंडाला फडके बांधलेले, भुवयांवर रुईचे तंतू. तिने फडके खाली केले आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा इतवार आइतवारी येते. आमचा मंगयवारी येते."

जिन रविवारी चालू असे आणि मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, बंद असे. हजेरीच्या वहीत मात्र रविवार सुटीचा म्हणून मांडलेला होता आणि मंगळवारी हजेरी लागलेली होती, म्हणजे रविवारचे काम मंगळवारच्या नावावर! मी पत्रक छापण्यापूर्वी एका बाईला विचारले असते तरी हे कळले असते. विचारले नाही. तिला जागृती नव्हती की मला, हे श्रोत्यांनी ठरवावे.

पुढच्या मंगळवारी आम्ही बाजारात गेलो. कडुनिंबाखाली, बांगडीवाल्याच्या शेजारी बसलो. कर्णा नव्हता. बाया सौदा घेऊन येत, टोपली खाली ठेवीत, पाच मिनिटे बसत आणि उठत. त्या दिवशी चाळीसएक जणी येऊन गेल्या असतील. मी त्यांना म्हणालो, सुटीच्या दिवसाची मजुरी मागू. त्या म्हणाल्या, ते मागाल तेव्हा मागा. आधी आमची मजुरी सोमवारी संध्याकाळी द्यावयाला सांगा.

मला हे प्रथम क्षुल्लक वाटले. मग त्यांनी हिशेब समजावून दिला. जिनात मजुरी बुधवारी मिळे. म्हणजे बाजाराच्या दिवशी हात रिकामा. मग बाजार उधारीवर करावयाचा. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, माप हलके, आणि बुधवारी हाती आलेले पैसे सरळ दुकानदाराकडे. सुटी आहे, बाजार आहे. पण बाजारात आपण पैसेवाले नाही, ऋणको. "रिकाम्या हातानं बाजार म्हंजे सुटी नाही, माय," असे त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली.

त्या मागणीसाठी दोन हंगाम गेले. दोनदा काम थांबले. एकदा आमच्यातच फूट पडली. शेवटी मालकाच्या दिवाणजीने सोमवारी चुकारा करण्याचे मान्य केले आणि वहीत मंगळवार हा सुटीचा दिवस म्हणून लिहिला गेला. कायद्याची त्याला आडकाठी नव्हतीच. १९४८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात रविवारी काम घ्यावयाचे तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुटी द्यावी, तशी नोटीस लावावी, आणि सुटीशिवाय सलग दहा दिवसांहून अधिक काम घेऊ नये, असे स्पष्ट होते. सुटीच्या मजुरीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

सव्वीसचा भागाकार

या मजुरीच्या प्रश्नाविषयी थोडे सांगतो, कारण येथे पुष्कळ गैरसमज आहे. कारखाने कायद्याने आठवड्याची सुटी दिली. त्या सुटीचा पगार द्यावा असे त्या कलमात नव्हते. महिना पगार असणाऱ्याला याचा फरक जाणवत नाही. रोजंदारीवाल्याला मात्र सुटी म्हणजे उपास. किमान वेतन महिन्याचे ठरवून त्याला तिसाने न भागता सव्वीसाने भागावयाचे, म्हणजे सुटीची मजुरी रोजात मिसळलेली आली, अशी एक रीत निघाली. हिशेब बरोबर आहे. पण जेथे किमान वेतनच पुरते मिळत नाही, तेथे त्यात मिसळलेली सुटी कोठून मिळणार? मजूर मग सुटीच्या दिवशी दुसरीकडे कामाला जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

जगात याचा विचार लवकर सुरू झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ साली साप्ताहिक विश्रांतीचा ठराव केला आणि हिंदुस्थानने तो १९२३ साली मान्य केला. दुकानांच्या नोकरांसाठी १९४२ साली साप्ताहिक सुटीचा कायदा झाला आणि १९४७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडचा दुकाने व संस्था यांचा कायदा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षभर उघडी ठेवण्यास मोकळीक दिली, पण प्रत्येक नोकराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुटी बंधनकारक ठेवली. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या कामगार संहितेतही आठवड्याच्या सुटीचे कलम आहे. कलमांना तोटा नाही. मात्र पाळीपाळीने मिळणाऱ्या सुटीत एकाची सुटी सोमवारी, दुसऱ्याची गुरुवारी. सभा भरवावयाची कधी आणि मुलाला बाजारात न्यावयाचे कधी? रशियातल्या त्या प्रयोगाची आठवण येथे होते.

ऋणमोचनचा रविवार

सुटी कशी घालवावी, हा प्रश्नही कामगारांच्या हिताचाच आहे. त्यासाठी वऱ्हाडला गुरू घरचाच लाभला. श्रीगाडगेबाबा जन्मले अमरावती जिल्ह्यातील शेणगावी आणि वाढले अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामाकडे. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचा त्यांच्यावर सारखा हक्क आहे. मामाच्या शेतात त्यांनी गड्यासारखे राबून पाहिले होते आणि सावकाराचे कर्ज घर कसे खाते तेही पाहिले होते. भातकुलीजवळ पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तेथे पौषातील रविवारी यात्रा भरते. लोक नदीत स्नान करतात, देवदर्शन करतात. गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले, आणि या यात्रेत येऊन त्यांनी काय केले? पूजा केली नाही. काठावरच्या चिखलात लोकांचे पाय घसरतात हे पाहून ते वाट नीट करू लागले, घाण झाडू लागले. पुढे तेथे घाट झाला.

दर रविवारी देवळात जमणारा समाज आणि दर रविवारी रस्ता झाडणारा माणूस, या दोहोंत मोठा विचार आहे. त्यांच्या कीर्तनातला सांगावाही मजुराच्या सुटीशी नेमका भिडणारा होता: कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवाला कोंबडे-बकरे मारू नका, मुलाला शाळेत घाला. बाजाराच्या दिवशी मजुराच्या हातून पैसा ज्या वाटांनी जातो, त्या त्यांनी नेमक्या हेरल्या होत्या. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचा अंत झाला. सुटीचा दिवस मिळवावा कसा हे आम्हांला लोखंडे यांनी शिकविले. तो राखावा कसा हे गाडगेबाबांनी.

बायकांचा वार

शेवटी एक गोष्ट राहते, आणि ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

जिनातल्या त्या म्हातारीला मी पुढे एकदा विचारले, "माय, मंगळवारी विसावा किती मिळते?" ती हसली. मग बोटे मोजू लागली. सारवण, धुणे, पाणी, दळण, सरपण, बाजार, स्वयंपाक, नातवाला न्हाऊ घालणे. सर्व बोटे संपली तेव्हा म्हणाली, "बाजारातून येतानी शिवेवरच्या पाराजवळ टोपली उतरवतो आन् जरा टेकतो. तेवढा माया."

सहा दिवस जिनात, सातवा घरात. आणि त्या सातव्यातला एवढा तुकडा तिचा. कारखान्याच्या कायद्याने कारखान्यातली सुटी दिली. घरातली सुटी देणारा कायदा कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही, करताही येणार नाही. तो आपल्याच घरी करावा लागेल. शेतमजुराला, घरकाम करणारीला, ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला आठवड्याचा एक भरपगारी दिवस मिळवून देणे हे आम्हा संघटनांचे काम आहे, आणि ते आमच्याकडून पुरते झालेले नाही हे मी कबूल करतो. पण बाजाराहून आलेली टोपली उतरून घेणे, त्या दिवशीचे पाणी आपण भरणे, चूल आपण पेटविणे, याला युनियन लागत नाही.

आपण बैलाच्या खांद्याला वर्षातून एकदा लोणी लावतो. ही चाल चांगली आहे, ती चालू ठेवावी. तसा शेक माणसाच्या खांद्यालाही मिळावा, आणि तो दर आठवड्याला मिळावा, एवढेच मागणे लोखंडे यांच्या त्या अर्जात होते. तो अर्ज अजून पुरता निकालात निघालेला नाही.